बारा रॉकेटं आणि एक लायसन

“मॅडम, तुमचा माल क्लास सेव्हनचा आहे. आधी अणुऊर्जावाल्यांची परवानगी आणा, मग बुकिंगचं बघू.”

२०२५ चा ऑगस्ट, संध्याकाळचे सव्वासात. तुर्भ्याच्या ऑफिसात मी पर्स खांद्याला अडकवून उभी होते. नेरुळची गाडी आता मिळत नाही, हे तेव्हाच कळलं. फोनवर एका शिपिंग लाइनच्या हॅझ डेस्कवरचा मुलगा होता. हॅझ डेस्क म्हणजे धोक्याचा माल जहाजावर घ्यायचा की नाही ते ठरवणारं टेबल. पोरगा बोलायला नम्र. त्याच्या हातात आमच्या लायसनची कॉपी होती आणि तिच्यावर ‘क्लास ७’ असं स्वच्छ छापलेलं होतं. दर्यावर्दी जगात क्लास ७ म्हणजे किरणोत्सारी पदार्थ. त्याचं तरी काय चुकलं?

मी पर्स परत टेबलावर ठेवली.

आमचं काम जहाजांना जीवरक्षक सामान पुरवायचं. लाइफराफ्ट तपासून द्यायचे, लाइफजॅकेटं पुरवायची, आणि ज्यांच्यापायी मी गेली बावीस वर्षं डोकं पिकवून घेतलं ते संकटसंदेश: लाल पॅराशूट रॉकेट, हातात धरून पेटवायचा फ्लेअर आणि पाण्यावर तरंगत नारिंगी धूर सोडणारा डबा. ‘सोलास’ नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मालवाहू जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, किमान १२ पॅराशूट रॉकेटं लागतात. प्रत्येक लाइफबोटीत वेगळी ४ रॉकेटं, ६ हँडफ्लेअर, धुराचे २ डबे. रॉकेट निदान ३०० मीटर वर जाऊन तिथे ४० सेकंद जळलं पाहिजे. हँडफ्लेअर मिनिटभर जळला पाहिजे, मध्ये १० सेकंद पाण्यात बुडवला तरी विझता कामा नये. आमचे मालक स्वतः जहाजावर होते, त्यांना सगळे कॅप्टनच म्हणतात. नवीन माणूस कामाला लागला की हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि शेवटी विचारतात, “आता सांग, कायद्याने हे काय आहे?”

उत्तर एकच. फटाका.

आपल्या एक्स्प्लोझिव्ह रूल्समध्ये, आत्ताचे २००८ चे, स्फोटकांचे आठ वर्ग आहेत. पहिला गनपावडरचा, सहावा दारूगोळ्याचा, सातवा फटाक्यांचा. उजेडाने किंवा धुराने इशारा देणाऱ्या वस्तू त्या सातव्यात मोडतात. या वर्गवारीचा सांगाडा इंग्रजांच्या काळातला. जहाजांवर चालतो तो आयएमडीजी कोड, म्हणजे धोक्याच्या मालाचा आंतरराष्ट्रीय नियमसंच, वेगळा. त्यात स्फोटकं सगळी क्लास १ मध्ये. आमची रॉकेटं १.३जी, हँडफ्लेअर आणि धूर १.४जी. शेवटचं ‘जी’ अक्षर सारखं म्हणून तिन्ही एकाच कंटेनरमध्ये बसतात, नाहीतर छोट्या धंद्याला हे परवडलंच नसतं. तर एकच खोका, आपल्या लायसनवर क्लास ७, जहाजाच्या कागदावर क्लास १. दोन्ही बरोबर.

हे त्या मुलाला समजावायला मला चाळीस मिनिटं लागली. त्याला पटलं. पण त्याच्या वरच्याला लेखी हवं होतं आणि वरचा घरी गेला होता. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, गोपाळकाल्याची सुट्टी नव्हती एवढंच नशीब. मी पत्र पाठवलं, सोबत नियमांच्या परिशिष्टाचं पान जोडलं, खाली पिवळ्या रंगाने खूण केली. उत्तर सोमवारी दुपारी आलं, “नोटेड अँड ॲक्सेप्टेड.” तोवर त्या जहाजाची स्फोटकं घेण्याची मुदत टळून गेली होती. पुढचं जहाज बारा दिवसांनी.

बारा दिवस म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. संकटसंदेशांची मुदत बनवल्यापासून साधारण तीन वर्षं असते. रॉकेट गोदामात असो, बोटीवर असो की परवान्याच्या रांगेत, त्याचं घड्याळ चालूच. आमचा माल मे महिन्यात बनलेला. त्यातून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांपासून युरोपची बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येतात, त्यामुळे वाटेतच दीड महिना धरायचा. गिऱ्हाईक खोक्यावरची तारीख आधी बघतो, भाव नंतर विचारतो.

मी २००३ मध्ये इथे लागले तेव्हा ठाण्याला, कोपरीत राहायचे. ठाण्याहून वाशीकडे लोकल सुरू झाली ती २००४ च्या नोव्हेंबरात, त्याआधी बेलापूरला पोचायचं तर कुर्ल्याला गाडी बदला नाहीतर बसमध्ये उभ्याने या. बेलापूरला सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये पेसोचं पश्चिम विभागाचं ऑफिस. पेसो हे नाव आताचं, जुने लोक अजून ‘एक्स्प्लोझिव्ह ऑफिस’च म्हणतात. स्फोटकांचे परवाने देणारं, १८९८ पासूनचं सरकारी खातं आहे, मुख्यालय नागपूरला. आयातीची फाइल नागपूरला जायची. अर्जाच्या प्रती, कोठाराचे नकाशे, फीचा डिमांड ड्राफ्ट, सगळं टॅगने बांधून द्यायचं आणि पोचपावतीवर इनवर्डचा शिक्का घ्यायचा. तो निळा शिक्का पुसट उमटला की जीव खाली-वर व्हायचा, कारण पुढचे दोन-तीन महिने आपल्या हातात पुरावा म्हणून तेवढाच. एकदा ड्राफ्टवर बँकेने नावातलं एक अक्षर खाल्लं होतं, ते माझ्याही नजरेतून सुटलं. फाइल परत आली तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. कॅप्टन रागावले नाहीत. म्हणाले, “नाव वाचताना बोट ठेवून वाचायचं, पोथी वाचतात तसं.” अजून तसंच वाचते.

आता अर्ज ऑनलाइन, फी ऑनलाइन, फाइल कुठल्या टप्प्यावर आहे तेही घरबसल्या दिसतं. रात्री भाकऱ्या झाल्या की एकदा मोबाइलवर स्टेटस बघायचं, ही माझी सवय घरच्यांना माहीत आहे. सासूबाई विचारतात, “हललं का गं तुझं?” म्हणजे फाइल हलली का.

हे सुख खरंच मोठं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. बेलापूरच्या हेलपाट्यांत माझे किती दिवस गेले ते मोजायला बसले तर पोटात गोळा येईल. पण फाइल पळायला लागली तशी एक गोष्ट कळली. वेळ फाइल हलण्यात जात नव्हता, जात होता तो फाइलमधला शब्द पटवण्यात. तो अजूनही तिथेच जातो.

या वेळचंच उदाहरण. धुराच्या डब्यात काय भरलंय ते परवान्याच्या अर्जासोबत द्यावं लागतं. रंगीत धुराच्या मिश्रणात सहसा पोटॅशियम क्लोरेट असतं, सोबत साखरेसारखा पदार्थ आणि रंग. आपल्याकडे १९९२ पासून गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेल्या स्फोटकांवर बंदी आहे. बंदी शहाणपणाची आहे, ते मिश्रण जरा घासलं, आपटलं तरी भडकतं. आमच्या डब्यात गंधक नव्हतं. पण तसं कागदावर दिसायला हवं, आणि कारखान्याने पाठवलेल्या सेफ्टी डेटा शीटमध्ये लिहिलेलं, ‘मिश्रण: व्यापारी गुपित’. मी मेल टाकला. उत्तर आलं, गुपित आहे. परत टाकला, फोन केला, कॅप्टनना फोन करायला लावला. कॅप्टननी आपल्या आवाजात तिकडच्या माणसाला सांगितलं, “तुमचं गुपित तुमच्याजवळ ठेवा, आम्हाला फक्त एवढं लिहून द्या की यात गंधक नाही.” ते पत्र यायला अकरा मेल आणि तीन आठवडे लागले. पोर्टल तेवढे दिवस झोपलेलं नव्हतं. आम्हीच त्याला काही देऊ शकत नव्हतो.

वजनांची तीच कथा. एका रॉकेटचं वजन तीन-चारशे ग्रॅम, त्यात प्रत्यक्ष दारू साधारण पाव भाग. कोठाराच्या लायसनची क्षमता मोजायची तर स्फोटकाचं वजन हवं, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, खोक्यासकट सगळं वजन, इन्व्हॉइसवर नग. मी एका पानावर तिन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडून ते पान प्रत्येक अर्जाला जोडते. कुणी मागितलेलं नाही. पण न जोडता पाठवलं की क्वेरी येते, हा अनुभव.

सगळे नियम जाचक, असं मात्र मी म्हणणार नाही. आमचे क्लिअरिंगवाले काका मुंबईच्या गोदीत वाढले. त्यांचे वडील १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकपासून थोड्याच अंतरावर कामाला होते. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच सोबत कापसाच्या गाठी. आग लागली ती कापसाला, आणि मग जहाज उडालं. फायर ब्रिगेडवाले अजून १४ एप्रिलपासून सप्ताह पाळतात तो त्या दिवसाच्या आठवणीत. काका कंटेनर लावताना कुठला माल कुठल्या मालाशेजारी जातोय हे स्वतः वाचतात, हॅझ डेस्कने पास केलेलं असलं तरी. आणि ऑगस्ट २०२० मध्ये बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं, त्यानंतर २०२१ मध्ये आपल्याकडे अमोनियम नायट्रेटचे नियम बदलले: आयात फक्त गोण्यांमध्ये, आणि माल बंदरात न ठेवता बंदराच्या हद्दीपासून ५०० मीटरपलीकडच्या गोदामात हलवायचा. आमचा त्या मालाशी संबंध नाही. पण तेव्हापासून क्लास १ म्हटलं की बंदरावर कुणीही ‘राहू द्या दोन दिवस’ म्हणत नाही. कागद तयार असतील तरच माल उतरवा आणि उतरला की घेऊन जा. मला ते पटतं.

म्हणून बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचा आयातीचा अर्ज, जहाज यायच्या आधीच भरायची. तीस दिवस आधीपर्यंत भरता येते. काकांच्या ऑफिसात डिजिटल सहीचा टोकन, पेनड्राइव्हएवढा, गणपतीच्या कीचेनला लावून ड्रॉवरमध्ये ठेवलेला असतो. तो लावला, पिन टाकला की सही. लायसन, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सगळं ई-संचित या कस्टम्सच्या पोर्टलवर चढवायचं, प्रत्येक कागदाला एक नंबर मिळतो, तो बिल ऑफ एंट्रीत टाकायचा. २०२० पासून तपासणारा अधिकारी न्हावा शेवातच बसलेला असेल असं नाही, देशात कुठेही असू शकतो. त्याला फेसलेस म्हणतात. पूर्वी काका समोर उभे राहून खिशातून रिकामा फ्लेअर काढून दाखवायचे, “साहेब, हे बघा, असं धरायचं.” आता समोर कुणी नाही.

क्वेरी आली, आणि ती नेमकी माझ्या मनातली होती. हा माल ३६०४ मधला फटाका आहे की जहाजाचा सिग्नल? टॅरिफमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या मालाच्या यादीत, ३६०४ या नंबराखाली दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या ओळींवर. परदेशी फटाक्यांची आयात निर्बंधित, त्यामुळे ओळ चुकली तर सगळंच चुकलं. त्यात ऑक्टोबर, दिवाळी आठवड्यावर आलेली. त्याच महिन्यात डीआरआयने, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने, न्हावा शेवात एक कंटेनर पकडला होता, कागदावर लेगिंग्ज आणि पुढच्या थरामागे चिनी फटाके. अशा दिवसांत ‘पायरोटेक्निक’ असं लिहिलेला खोका डोळ्यांवर येणारच. मी त्या न दिसणाऱ्या माणसाच्या जागी असते तर हाच प्रश्न विचारला असता.

उत्तर लिहायला मी रविवारची दुपार घेतली. नियम, कलमं टाकली. मग वाटलं, याने फ्लेअर कधी पाहिलाच नसेल तर? म्हणून वापराच्या सूचनांचं लेबल स्कॅन करून लावलं, ते चित्रांचं असतं: टोपण फिरवा, दोरी ओढा, वारा वाहून जातोय त्या बाजूला धरा. आणि एक ओळ जास्तीची लिहिली, की संकट नसताना हा सिग्नल वापरायला आंतरराष्ट्रीय नियमांनी मनाई आहे, त्यामुळे दिवाळीत उडवणं हा याचा उपयोग होऊच शकत नाही. काका म्हणाले, “ताई, ही ओळ काढा, आगाऊपणा वाटेल.” मी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी असेसमेंट झालं.

जहाज लागलं त्या दिवशी मी स्वतः गेले. नेहमी आमचा मुलगा जातो, पण त्याच्या घरी साखरपुडा होता. पूर्वी न्हावा शेवाला जायचं म्हणजे बेलापूर नाहीतर नेरुळहून एनएमएमटी पकडायची आणि कंटेनर ट्रेलरच्या रांगेत बसून राहायचं. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल जाते, मधे न्हावा शेवा नावाचं स्टेशनच आहे. खारकोपरपुढे दोन्ही बाजूंना पाणथळ, मिठागरांचे तुकडे, आणि मग एकदम क्रेनांची रांग दिसते.

तपासणीला कंटेनर उघडला. आत नारिंगी पट्ट्यांची खोकी, प्रत्येकावर चौकट तिरकी ठेवून ‘१.३जी’. अधिकाऱ्याने एक खोकं फोडायला लावलं. वरचा पुठ्ठा, मग जाड पॉलिथीन, सीलबंद. त्यातून एक रॉकेट बाहेर काढलं. हातभर लांब नाही, वीतभरापेक्षा थोडं जास्त, तळाला तांबडं टोपण. त्याने ते उलटंपालटं करून अंगठा एका ठिकाणी ठेवला आणि विचारलं, “हे काय?” उत्पादन ०५/२०२५, मुदत ०५/२०२८. मी म्हटलं, “साहेब, यातले पाच महिने आताच संपलेत.” तो काही बोलला नाही. पण बाकीची मोजदाद त्याने त्याच बैठकीत उरकली, जेवायला गेला नाही. त्याचा या वाक्याशी संबंध होता की त्याला तशी सवयच होती, देव जाणे.

आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल न्यायची कस्टम्सची परवानगी, पडलं तेव्हा साडेपाच. आता खरी गंमत. स्फोटकं चढवायची-उतरवायची ती सूर्योदय ते सूर्यास्त. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. आमची व्हॅन, स्फोटकांच्या वाहतुकीचं लायसन असलेली, गेटबाहेर सकाळपासून उभी. ड्रायव्हर उरणकडचा आगरी. मला बघून म्हणाला, “ताई, गारी भरायची का निजायची?” मी घड्याळ दाखवलं. गेटपास, वजनकाटा, सगळं धरून सव्वासहाच्या आत होणं शक्य नव्हतं. धावपळ करून भरता आली असती कदाचित, पण धावपळीत भरायची ही वस्तू नव्हे. बंदराच्या माणसांशी बोलून माल त्यांच्या देखरेखीत रात्रभर वेगळा ठेवला आणि ड्रायव्हरला म्हटलं, “निजा.” कॅप्टनना फोन केला तर तेही तेच म्हणाले.

सकाळी पावणेसातला भरायला सुरुवात झाली. खोकं फेकायचं नाही, ओढायचं नाही, हातोहात द्यायचं. मोबाइल सगळ्यांचे बाहेर काढून ठेवलेले. साडेनऊला व्हॅन निघाली आणि दुपारी रायगडच्या आतल्या आमच्या कोठारात पोचली. तिथला रखवालदार रजिस्टरमध्ये नोंद करताना प्रत्येक खोक्याचा नंबर मोठ्याने वाचतो. बोट ठेवून.

पहिली बारा रॉकेटं दिवाळीनंतर एका किनारी वाहतुकीच्या जहाजावर गेली. आमच्या माणसाने ब्रिजवरच्या पेटीत ती लावली, चीफ ऑफिसरची सही घेतली आणि जुनी बारा खाली आणली. त्यांची मुदत ऑगस्टातच संपलेली. ती कचऱ्यात टाकता येत नाहीत, समुद्रात सोडता येत नाहीत आणि हवेत उडवली तर कोस्टगार्ड शोधायला निघेल. ती आता कोठारात वेगळ्या खोक्यात आहेत, वर मी लाल मार्करने ‘बाद’ लिहिलंय. ती नष्ट करायची तर त्याचा अर्ज वेगळा. काल रात्री भरायला घेतला. मालाचं वर्णन लिहिताना ‘क्लास ७’ लिहिलं, थांबले, आणि पुढे कंसात ‘आयएमडीजी १.३जी’ टाकलं.